बदामातले दादामियाँ

“तुमच्या आईच्या हातचं लई भारी असंल, पण बिचारीला बदाम कुठं मिळाले होते?”

हे वाक्य दादामियाँ ढोकीत ज्याला त्याला ऐकवत. स्टेशनवरच्या हमालाला, बाजारातल्या कासाराला, मशिदीतून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्याला. ऐकणाऱ्याची आई शेजारी उभी असली तरी ते थांबत नसत. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा अजिबात नसायचा. दया असायची, आणि माणसाला दया जास्त झोंबते.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच आईनं, जमिलाबीनं.

दादामियाँ पोरवयात हैदराबादला गेले होते. कर्तबगारी गाजवायला नव्हे, घरात तोंडं जास्त आणि भाकरी कमी म्हणून. एका लांबच्या चुलत्यानं त्यांना एका नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, नेऊन सोडलं. त्या देवडीचा बावर्चीखाना एखाद्या वाडीएवढा होता आणि वाडीसारख्याच त्यातही वेगवेगळ्या आळ्या होत्या. भाताला हात लावणारा माणूस सालनाला, म्हणजे रश्श्याला, हात लावत नसे. कांदा चिरणारा लसूण सोलत नसे. एकानं एकच काम करायचं आणि ते मरेपर्यंत करायचं. दादामियाँच्या वाट्याला बदाम आले. बदाम भिजवायचे, सोलायचे, त्यांच्या नखाएवढ्या पातळ चकत्या करायच्या, उरलेले वाटायचे. अठरा-वीस वर्षं त्यांनी बदामाखेरीज स्वयंपाकातल्या कशालाही बोट लावलं नाही. मग नवाब वारले, मुलं भांडली, देवडीत भिंती उभ्या राहिल्या, भांड्यांच्या वाटण्या झाल्या. बावर्ची ह्याच्याकडे गेला, नानवाला त्याच्याकडे गेला. बदामवाला कुणाच्याच वाटणीत बसेना.

ते कुर्डुवाडीला गाडी बदलून छोट्या गाडीनं ढोकीला उतरले. लढाई सुरू होती, धान्यावर लेव्ही होती, घासलेटाला रांग होती. त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. पेटीत नवाबाची उतरलेली शेरवानी होती, जिच्यात दादामियाँसारखे दोन मावले असते, आणि जुन्या उशीच्या खोळीत बांधलेले बदाम.

घर बहिणीचं होतं. तिचं नाव अन्वरी. तिचा नवरा लालमहंमद पिंजारी होता. कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरणं हा त्याचा धंदा. ओसरीवर त्याच्या धनुकलीची तांत दिवसभर वाजायची आणि घरभर कापूस उडायचा. कौलाला, कोनाड्याला, परसातल्या बकरीच्या दाढीला कापूस लागलेला. सगळं घर कायम अर्धवट पिसं काढलेली कोंबडी दिसावी तसं दिसायचं. म्हातारी जमिलाबी लेकीजवळच राहायची. दात एकही नव्हता, आवाज मात्र शाबूत.

इतक्या वर्षांनी आलेल्या लेकासाठी म्हातारीनं अन्वरीकडून हुलग्याचं माडगं करवून घेतलं. हुलगे भाजून दळलेलं पीठ, पाणी, गूळ, मिठाचे दोन कण. लहानपणी दादामियाँ ह्या माडग्यासाठी भांडं चाटूनपुसून उलटं करायचे. हे म्हातारीनं त्यांच्या माघारी इतक्यांदा सांगितलं होतं की लालमहंमदला ते भांडंसुद्धा ओळखीचं झालं होतं.

दादामियाँनी वाटी ओठाला लावली. एक घोट घेतला. डोळे मिटले. अन्वरीला वाटलं, आता भाईला रडू येणार. तिनं स्वतःचा पदरही डोळ्यांकडे नेऊन ठेवला.

दादामियाँनी डोळे उघडले. “ह्यात बदाम नाहीत?”

“बदाम?” म्हातारी म्हणाली.

“अम्मा, तुमचा काही कसूर नाही. तुमच्या हातचं लई भारी. पण तुम्हाला बिचारीला बदाम कुठं मिळाले होते!”

ओसरीवर तांत एकदा वाजून थांबली.

मग आईला बरं वाटावं म्हणून दादामियाँनी सांगितलं, की हैदराबादेत ते रोज तबेल्यावरून जायचे, तिथं घोड्यांना चंदी म्हणून भिजवलेले हुलगे घालायचे, आणि त्या वासानं त्यांना रोज अम्माची आठवण यायची.

“घोड्यास्नी बघून?” म्हातारी म्हणाली.

“हौ. रोज.”

“माजी?”

“तुमचीच, अम्मा. डोळ्यात पाणी यायचं.”

म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं आणि त्या दिवशी पुन्हा इकडे वळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अन्वरी उठली तेव्हा चुलीपुढे दादामियाँ बसलेले होते. डोईवर टोपी, बाह्या वर सारलेल्या. पितळीत गरम पाण्यात बदाम तरंगत होते. “तू बस,” ते म्हणाले. “वीस वर्षं तू राबलीस. आता भाई आलाय.”

अन्वरी बसली. पाहुणा माणूस, हौस आहे, चार दिवस करील, असं तिला वाटलं. चार दिवसांनी तिला वाटलं, आठ दिवस करील. महिन्यानंतर तिनं असं वाटून घेणं सोडून दिलं.

दादामियाँना स्वयंपाक येत नव्हता हे पहिल्याच आठवड्यात गावाला कळलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. हैदराबादच्या बावर्चीखान्यात वावरलेला माणूस ढोकीत दुसरा नव्हताच, तेव्हा तो तिथं काय करत होता ह्याची चिकित्सा करण्याइतका कुणालाही माज नव्हता. खुद्द दादामियाँनाही ती अडचण वाटत नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की गरिबांचं सगळं खाणं मुळात बरोबरच आहे, त्याचा फक्त शेवटचा भाग राहून गेला आहे. तो शेवटचा भाग म्हणजे बदाम. बाकीचं अन्वरीनं सांगावं, तसं ते करणार, आणि शेवटी उरलेलं पुरं करणार.

अशा रीतीनं त्या घरात पिठलं पुरं झालं. त्याचं नाव बेसन-ए-खास पडलं. धपाट्यांवर बदामाच्या चकत्या चिकटल्या आणि तव्यावर करपल्या. अंबाडीच्या भाजीत बदामाचं वाटण गेलं, तेव्हा आंबट आणि गुळमट ह्या दोन चवी एकमेकींकडे पाठ करून एकाच भांड्यात बसल्या. लालमहंमदनं तो घास तोंडात घेतला आणि बराच वेळ इकडून तिकडे फिरवला.

“कसंय?” दादामियाँनी विचारलं.

“मियाँ,” लालमहंमद म्हणाला, “असलं मी आजवर खाल्लेलं न्हाय.”

“नवाबसाहेबांचं पण हेच म्हणणं असायचं.”

लालमहंमद मुळात अबोल. तो सगळं सोसायचा. फक्त एकदा जेवताना त्याच्या पिठल्यात पांढरं काही दिसलं, तेव्हा ते कापूस आहे की बदाम हे त्याला ठरवता येईना. त्यानं ते ताटाच्या कडेला काढून ठेवलं. दादामियाँनी ते उचलून पुन्हा पिठल्यात घातलं. तो कापूस होता.

बदाम किती दिवस पुरणार! ती खोळ एक दिवस सपाट झाली. अन्वरीनं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले आणि चुलीजवळ जाऊन बसली. पण त्याच आठवडी बाजारातून दादामियाँ धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले. लढाईमुळे काबुलचा माल बंद होता. दुकानदारानं बदाम हा शब्द ऐकून त्यांच्याकडे असं पाहिलं होतं जसं काही त्यांनी चंद्र तोलून मागितला. तेव्हा दादामियाँनी शेंगदाणे भिजत घातले. एकेका दाण्याचं तांबडं साल चिमटीनं काढलं. एकेक दाणा पातळ कापला. नखाएवढा दाणा, त्याच्या नखाएवढ्या पातळ चकत्या कशा होणार. पण त्यांनी केल्या. सकाळपासून दुपारपर्यंत मूठभर.

“हे काय?” अन्वरीनं विचारलं.

“ढोकीचे बदाम.”

“भाईजान, ह्ये शेंगदाणं हायत.” ती त्यांना आधी दादाभाई म्हणायची, पण हैदराबादहून आल्यावर त्यांना भाईजान लागायचं.

“सोलायच्या आधी,” दादामियाँ म्हणाले.

त्या दिवशी अन्वरीला समजलं, की बदाम संपतात, पण हा माणूस संपणार नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अन्वरीला स्वयंपाकाची फार आवड होती अशातला भाग नव्हता. तीच ती भाकरी थापायला कुणाला उमाळा येतो? पण त्या घरात चूल कोपऱ्यात होती आणि चुलीपुढे बसलं की सगळ्या घराकडे पाठ व्हायची. नवऱ्याकडे, आईकडे, कापसाकडे, दारात येणाऱ्या-जाणाऱ्याकडे. दिवसभरात तिला पाठ करून बसता येईल अशी ती एकच जागा होती. तिथं ती कधी पुटपुटायची, कधी हसायची, कधी नुसतीच जाळाकडे बघायची. कुणी विचारलं तर धूर जातोय डोळ्यांत असं सांगता यायचं. आता तिथं भाईजान बसत. ती ओसरी आणि माजघर ह्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसायची, सगळ्यांना तोंड दाखवत. तोंड दाखवून दाखवून तिचं तोंड दुखायला लागलं होतं.

आणि वाटताना बोललेलं दादामियाँना चालत नसे. वाटणाला बोलणं नजरेसारखं लागतं, असं ते म्हणत.

इकडे म्हातारी वाळत चालली. तिला दात नाहीत, आणि प्रत्येक पदार्थात चकत्या. ती चकत्या चघळायची, कंटाळायची, तळहातावर काढून बकरीला द्यायची. बकरीची तब्येत सुधारली. मग म्हातारीनं परसातल्या भिंतीशी जाऊन शेजारच्या तारामतीला हाक मारायला सुरुवात केली. तारामती माळ्याची. तिचं माहेर येरमाळ्याचं, तोंड फटकळ, मन मोकळं. ती भिंतीवरून तांब्या खाली सोडायची. तांब्यात साधं माडगं. म्हातारी भिंतीला टेकून तिथंच उभ्या उभ्या प्यायची, आणि मग तुळतुळीत चेहऱ्यानं घरात येऊन “भूक न्हाय” म्हणायची.

एकदा दादामियाँ परसात गेले आणि तांब्या वरून खाली येताना त्यांनी पाहिला. तो हवेतच थांबला. वरून तारामतीचा हात, खालून म्हातारीचे दोन हात.

“अम्मा, हे काय?”

“ताक,” म्हातारी म्हणाली.

“माडगं,” वरून तारामती म्हणाली. तिला खोटं सुचत नसे.

दादामियाँनी तांब्या घेतला, आत डोकावून पाहिलं, वास घेतला. त्यांचा चेहरा पडला. त्यांना राग आला असता तर म्हातारीला बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, “मी चकत्या जाड कापतो आहे. माझंच चुकतंय.” आणि दुसऱ्या दिवसापासून चकत्या इतक्या पातळ झाल्या की संध्याकाळचं जेवण रात्री व्हायला लागलं.

“ह्याचं लगीन लावून दे,” तारामतीनं अन्वरीला सांगितलं. दोघी विहिरीवर धुणं धूत होत्या.

“कुनाशी? पस्तिशी उलटली की. काम न्हाय, धंदा न्हाय.”

“आमच्या येरमाळ्यात गुलबानो हाय. नवरा जाऊन लई वर्सं झाली. घर हाय, सात एकर रान हाय, हीर हाय. पर ती घर सोडून जायाची न्हाय. दादला तिकडं ऱ्हायला आला तरच बोला म्हनती.”

अन्वरीच्या हातातलं धुणं थांबलं. “तिकडं? म्हंजे कायमचा?”

“कायमचा.”

“चूल कुनाची?”

“कुनाची म्हंजे? तिचीच की.”

अन्वरीनं धुणं असं आपटलं की पाण्याचा शिडकाव पलीकडच्या बाईच्या तोंडावर गेला.

“पर मला इचारतील,” तारामती म्हणाली, “नवरदेव करतोय काय? काय सांगू?”

अन्वरीनं विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं. लग्नाच्या कामात खोटं बोललेलं अंगाशी येतं, हे तिनं दोन-तीन घरांत बघितलं होतं. खरं एकच होतं.

“बदामात हायत म्हन.”

“बदामात?”

“व्हय. हैदराबादला बदामात व्हते.”

तारामती येरमाळ्याला माहेरी गेली आणि जसं सांगितलं होतं तसंच बोलली. आता आपल्याकडे माणूस भुसारात असतो म्हणजे त्याचं भुसाराचं दुकान असतं. कापडात असतो म्हणजे कापडाची पेढी असते. सराफीत असतो म्हणजे सोनं असतं. गुलबानोचा धाकटा भाऊ आयुब, त्याला हे सगळं चांगलं माहीत होतं. हैदराबादला बदामात असलेला माणूस म्हणजे किती मोठा असेल ह्याचा हिशेब करता करता त्याला झोप लागली नाही. पुढच्याच बाजाराला तो बहिणीला घेऊन बैलगाडीनं ढोकीला आला. बैलांच्या शिंगांना त्यानं तेल लावलं होतं.

दादामियाँना अन्वरीनं एवढंच सांगितलं होतं, की येरमाळ्याचे पाहुणे येणार आहेत, मोठे खवय्ये आहेत. हे मात्र खोटं होतं. पण ते लग्नाबद्दल नव्हतं, जेवणाबद्दल होतं, म्हणून तिनं चालवून घेतलं. दादामियाँ आदल्या दिवसापासून शेंगदाणे सोलत होते. त्यांनी माडगं करायचं ठरवलं होतं. साधंसुधं नव्हे, पुरं झालेलं.

गुलबानो आत अन्वरीजवळ बसली. अंगापिंडानं दांडगी, हातावर कुळवाचे घट्टे, डोळ्यांत हसू दाबून ठेवलेलं. मध्ये पडदा म्हणून लालमहंमदनं एक अर्धी भरलेली रजई टांगली होती. बाहेर ओसरीवर आयुब, लालमहंमद आणि दादामियाँ. दादामियाँनी ती शेरवानी घातली होती. ते बसले तरी शेरवानी काही वेळ उभीच राहिली.

माडगं वाटलं गेलं. आयुबनं वाटी एका बाजूला ठेवली. त्याला आधी महत्त्वाचं बोलायचं होतं.

“माल कुठनं येतोय?”

“काबुलहून,” दादामियाँ म्हणाले.

“रोजचा किती?”

“माझ्या हाताखालून रोज अडीच-तीन शेर. ईदला मणभर.”

आयुबनं लालमहंमदकडे कौतुकानं बघितलं. लालमहंमदनं जमिनीकडे बघितलं.

“आन मानसं किती?”

“बावर्चीखान्यात चाळीस.”

“सोताचा बावर्चीखाना!” आयुब स्वतःशी म्हणाला. मग जरा पुढे सरकला, आवाज खाली आणला. “पाव्हणं, राग मानू नका. घरच्यासारखं इचारतो. सालाला कसं सुटतं?”

“साल?” दादामियाँना आनंद झाला. इतके दिवस ढोकीत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. “अजी, सोपं आहे. गरम पाण्यात घालायचं. की लगेच सुटतं.”

“गरम पाण्यात?”

“हौ. थंड पाण्यात पण सुटतं, पण रात्रभर थांबावं लागतं. गरम पाण्यात घातलं, चिमटीत धरलं, की निसटलंच.”

आयुबनं मान डोलावली. व्यापाऱ्यांची भाषा आडवळणाची असते हे त्यानं ऐकलं होतं. “म्हंजे चांगलंच सुटतंय म्हना.”

“सगळं सुटतं.”

“आन त्या सालाचं मग काय करता? गुंतवता कुठं?”

“सालाचं?” दादामियाँ हसले. “सालाचं काय करणार? बकऱ्यांना टाकायचो.”

आयुबचं तोंड उघडं राहिलं. वर्षाची कमाई बकऱ्यांना टाकणारा माणूस त्यानं आजवर बघितला नव्हता. लालमहंमदला ठसका लागला. तो उठून कापसाच्या ढिगाकडे गेला आणि तिथं बराच वेळ पाठमोरा हलत राहिला.

“पाव्हणं,” आयुब शेवटी म्हणाला, “तुमची पेढी कंच्या बाजारात हाय?”

“पेढी? कसली पेढी? मी सोलायचो.”

“काय सोलायचा?”

“बदाम.”

आयुबच्या चेहऱ्यावरून काबुल गेलं, चाळीस माणसं गेली, मणभर गेलं. एकेक जाताना दिसत होतं.

“आन ताराक्का तर म्हनली, बदामात हायत!”

“बदामातच होतो,” दादामियाँ म्हणाले. “कोपरापर्यंत.”

आयुब ताडकन उठला. “आपा! चल ऊठ. गाडी जुपतो म्या.”

आत अन्वरीनं चुलीकडे बघितलं. आता ही चूल जन्मात परत मिळणार नाही. ह्या उंबऱ्यावरच आपली माती होणार, सगळ्यांना तोंड दाखवत. तिनं गुलबानोकडे बघितलं, तर गुलबानो तोंडावर पदर धरून गदागदा हलत होती. रडत नव्हती.

“थांब रं आयुब,” ती रजईआडून ओरडली. “मला माडगं तर संपवू दे.”

‘माडगं’ हा शब्द ऐकताच दादामियाँचं लक्ष लग्नावरून, जे त्यांना माहीतच नव्हतं, आणि आयुबच्या रागावरून, जो त्यांना कळला नव्हता, उडालं. ते रजईजवळ सरकले. “कसं झालंय, बीबी?”

“अगदी आमच्या अम्मासारखं.”

दादामियाँ थोडे मागे झाले. “अम्मासारखं? नाही नाही. तुमच्या अम्माचं लई भारी असंल, पण तिला…”

“आमच्यात असंच करत्यात. हुलगं कमी पडलं की शेंगदाणं कुटून घालायचं. गरिबाचं खानं वो, दुसरं काय? फकस्त तुमी कुटायला इसरला वाटतं. चकत्या राह्यल्यात.”

आता पंचाईत झाली. ज्यांना कुणी आजवर वाईट म्हणून दुखावू शकलं नव्हतं, त्यांना ह्या बाईनं चांगलं म्हणून दुखावलं होतं. दादामियाँ शेरवानीत आणखी लहान झाले. त्यांनी हाताच्या बोटांकडे पाहिलं. गरम पाण्यानं बोटांची टोकं पांढरी आणि सुरकुतलेली होती, कितीतरी वर्षं तशीच.

“येरमाळ्यात सगळेच घालतात?” त्यांनी विचारलं.

“सगळे.”

“पहिल्यापासून?”

“माज्या आज्जीपासून तरी.”

कोपऱ्यातून म्हातारी जमिलाबी म्हणाली, “बघ. मी म्हणत न्हवते?” तिनं असं काहीच म्हटलेलं नव्हतं, पण तिला राहवलं नाही.

आयुब अंगणात उभा राहून कुरकुरत होता. गुलबानो आतून म्हणाली, “ह्ये बघा, मला सराफ नगं, सावकार नगं. हाताला चिकाटी असलेला मानूस पायजे. अन्वरी म्हनती तसा आदल्या दिवसापास्नं शेंगदानं सोलत बसणारा मानूस म्या तरी बघितला न्हाय. पर एक सांगते. माज्या घरात चूल माजी. तिला दुसऱ्याचा हात लागायचा न्हाय.”

एवढा वेळ चाललंय ते लग्नाचं आहे हे दादामियाँना आता कळलं असावं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग खाली बघून म्हणाले, “मग मी तिथं काय करायचं, बीबी? मला दुसरं काही येत नाही.”

हे ते इतकं सरळ बोलले की लालमहंमदही कापसाकडून वळला.

“काय म्हंजे?” गुलबानो म्हणाली. “आमच्या हिरीवर बदामाचं झाड हाय की.”

दादामियाँनी रजईचा काठ धरला. “काय आहे?”

“झाड. बदामाचं. ही एवढी पानं. माज्या बापानं साहेबाच्या बंगल्यातनं रोप आनून लावलेलं. उन्हाळ्यात घमेली भरून पडत्यात. फोडत बसायला कुनाला येळ हाय? खारी आन राघू खात्यात.”

“बदामाला झाड असतं?” दादामियाँ म्हणाले.

कुणालाच हसू आलं नाही. हा माणूस अठरा-वीस वर्षं बदामात होता, आणि बदाम कशाला लागतो ते त्यानं बघितलेलं नव्हतं. त्याच्यापर्यंत बदाम पोत्यातून यायचे. पोत्याच्या मागं काय असतं हे त्याला कधी कुणी दाखवलं नाही आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

“आपा,” अंगणातून आयुब म्हणाला, “अगं त्ये तर जंगली…”

“बैलं बघ तुजी!” गुलबानो कडाडली.

अन्वरीला ते झाड माहीत होतं. तसलंच एक ढोकीच्या स्टेशनात मास्तरच्या दारापुढं होतं. लालसर मोठी पानं, खाली पडलेली तंतूतंतूची फळं. दगडानं ठेचलं तर आत बोटाच्या पेरापेक्षा बारीक, फिकट काहीतरी निघायचं, आणि ते काढता काढता अंगठा ठेचायचा. काबुलचा आणि त्याचा संबंध एवढाच की दोघांना एकच नाव. ते नाव मात्र होतं; कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. दादामियाँ त्या झाडावरून रोज बाजाराला जात होते आणि त्यांनी वर बघितलं नव्हतं.

लालमहंमदलाही ते झाड माहीत होतं. आणि लालमहंमद खरा माणूस होता. कधी नाही ते त्याला बोलावंसं वाटलं. त्यानं घसा साफ केला. “मियाँ,” तो म्हणाला, “त्या टेसनातलं…”

अन्वरी पडदा, पाहुणे, रीतभात सगळं विसरून रजईच्या बाहेर आली. आयुबनं न खाल्लेली माडग्याची वाटी तिनं उचलली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावली.

“प्या,” ती म्हणाली. “गार व्हतंय.”

लालमहंमदनं तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तो प्यायला लागला. चकत्या जिभेखाली, टाळूला, गालात जात होत्या; तो गिळत होता आणि ती वाटी खाली येऊ देत नव्हती.

“फळं किती मोठी असतात?” दादामियाँनी विचारलं.

“आंड्याएवढी,” गुलबानो म्हणाली.

“आणि आत एकच?”

“एकच.”

दादामियाँनी मान हलवली. रजईच्या कडेनं त्यांनी चुलीकडे बघितलं, पितळीत गरम पाण्यात उरलेले शेंगदाणे होते तिकडे बघितलं, आईकडे बघितलं. ते काहीतरी म्हणतील, निदान बदामांबद्दल तरी, म्हणून सगळे थांबले. लालमहंमदच्या वाटीत शेवटचा घोट राहिला होता.

दादामियाँनी शेरवानीच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या, चपला पायात घातल्या, आणि आयुबच्या शेजारून, बैलांच्या पुढून, अंगणातून बाहेर पडून येरमाळ्याच्या वाटेला लागले.